पेल्यातली शांती

पिंपळीच्या त्या पत्र्याच्या शेडखाली माणूस मावत नव्हता. एमआयडीसीतले कामगार, ट्रॅक्टरवाले, त्यांच्या दमलेल्या बायका. सगळ्यांना दुखण्याच्या गोळ्यांचं व्यसन सोडवायचं होतं.

"श्वास माझ्यावर सोडा! ब्रह्मांडाची लहर येतीय... आली! घ्या आता तीर्थ!" ध्यानमहाराज गरजायचे. पेलाभर तीर्थ पोटात गेलं की थोड्याच वेळात थरथरते हात निवत. लोक पायांवर लोळण घेत.

सबिनाही नवऱ्याला, मुबीनला, रोज आणायची. टेम्पोवरून पडल्यावर त्याची पाठ धरली, गोळ्या सुरू झाल्या, त्या सुटेनात. शपथा, भांडणं, सगळं करून ती थकली होती. इथं आल्यापासून घर शांत होतं. शंका काढायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

रमजान लागला. मुबीननं रोजा धरला. ध्यानाला बसला, तीर्थ घेतलं नाही. दुपारी नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात पीळ. गोळी चुकली की व्हायचं तसंच.

"उपासानं असंल," शेजारीण म्हणाली.

सबिनाला पटेना. ध्यान तर झालं होतं. राहिलं होतं फक्त तीर्थ.

तिनं बारामतीच्या डॉक्टर अविराजांना तीर्थाचं सगळं सांगितलं. त्यांनी मुबीनची लघवी तपासली.

"गोळी कधी घेतली होती?"

"लई दिवस झालं, हात लावला न्हाय."

"मग लघवीत अफू कुठून आली? अफूची आणि तुमच्या गोळ्यांची जात एकच. व्यसन सुटलं नाही मुबीनभाई, नुसतं दुकान बदललं."

पुढच्या बैठकीत डॉक्टर उभे राहिले. "महाराज, आज नुसतं ध्यान द्या."

"कोरड्या ध्यानानं लहर उलटते!"

"लहर पेल्यात हाय," सबिना म्हणाली, "म्हणून उलटंल."

"गप बस बाई!" लोक तिच्यावरच धावले. पण म्हातारे जोतीरामतात्या उठले. "महाराज, खरं असंल तर भ्यायचं कशाला? आमी बसतो."

बसले. हळूहळू जांभया, घाम, कण्हणं सुरू झालं. शेवटी पाचसहा जण तीर्थाच्या पातेल्यावर तुटून पडले. पातेलं कलंडलं आणि तळातून फडक्याची पुरचुंडी बाहेर आली. आत भिजलेली अफूची बोंडं. तोवर महाराज मागच्या बाजूनं पसार.

"मग ध्यान बी खोटंच?" मुबीननं विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "औषधाबरोबर मीही ते शिकवतो. तलफ चढते, तिला बघत, श्वास बघत बसायचं, ती ओसरते. पण वेळ लागतो, आणि माझ्या हातात कसली शक्ती नाही."

डॉक्टरांचं औषध सुरू असतानाही ईदनंतर मुबीन एकदा घसरला, गोळी घेतली. स्वतःच येऊन सबिनाला सांगितलं. ती त्याच्याशेजारी डोळे मिटून, श्वास बघत बसली.

महाराजांचा फलक आता इंदापूरकडं लागलाय म्हणे. जायचं तर जा बाबांनो. पण ओठाला लावायच्या आधी विचारा, पेल्यात काय हाय?