काळ्या कोटावरचा निळा धागा

आमच्या ह्यांचा डावा डोळा नवा झाल्याला आज नववा दिवस आहे आणि माझा जीव नकोसा झाला आहे.

ऑपरेशन ह्यांचं झालं. वीस मिनिटांत मोतीबिंदू काढला, आत कृत्रिम भिंग बसवलं आणि दुपारी जेवायला घरी हजर. शिक्षा मात्र मला झाली. थेंबांच्या दोन बाटल्या, एक दिवसातून सहा वेळा, दुसरी चार वेळा, मध्ये पाच मिनिटांचं अंतर. लेकीने तक्ता करून कपाटाला चिकटवला, "आई, तू करशील गं नीट," म्हणाली आणि आपल्या घरी निघून गेली. तिचं काय जातं म्हणायला. बाटली जवळ आली की हे डोळा गच्च मिटून घेतात. दोन थेंब गालावर, एक कानात, आणि वर मलाच ऐकवतात, "तुझा नेम चुकतो." वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. ह्यांनी सगळं करून पाहिलं. डोळा शाबूत आहे तो डॉक्टरबाईंच्या हातगुणामुळे आणि माझ्या ओरडण्यामुळे.

आणि बघणं! पट्टी निघाल्यावर पहिल्याच सकाळी भिंतीसमोर उभे राहिले.

"ही भिंत पांढरी आहे?"

"पांढरीच आहे. चार वर्षांपूर्वी तुम्हीच रंग आणलात."

"मी क्रीम म्हणून आणला होता."

मग जुना डोळा मिटून नव्याने बघायचं, नवा मिटून जुन्याने बघायचं. जुन्यातून सगळं पिवळट, नव्यातून निळसर पांढरं. दिवसभर हाच उद्योग. बेसिनच्या मागे काळं काय साचलंय, पंख्याच्या पात्यांवर बोटभर धूळ कशी, हा शर्ट धुतलेला आहे का. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तुझ्या गालावर हा डाग कधीपासून आहे?" अकरा वर्षं झाली त्या डागाला. मी त्यांच्या हातात थेंबांची बाटली दिली आणि म्हटलं, आज तुमचं तुम्ही घाला.

एवढं करून जवळचं दिसत नाहीच. रस्त्यापलीकडच्या न्हाव्याच्या पाटीवरचा फोन नंबर खडाखडा वाचतात, पण हातातलं वर्तमानपत्र वाचता येत नाही. नवं भिंग लांबचं आहे, जवळचा चष्मा महिन्याने, डोळा पूर्ण बरा झाला की मिळेल, असं डॉक्टरबाईंनी दोनदा समजावलं. हे रोज विचारतात, महिना झाला का.

ह्या जवळच्या चष्म्याचीच मला धास्ती होती. ते सांगायचं तर आधी आमचं काम सांगायला हवं.

आमचं रफूचं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. फाटलेल्या, जळलेल्या, कसर लागलेल्या कपड्यावर धाग्यात धागा ओवून असं विणायचं की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. होता होईल तो त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा काढतात. नाही मिळाला तर आमच्याकडे रिळांचा डबा आहे. चाळीस वर्षं हे ह्या कामाला बसतात. डावखुरे आहेत, त्यामुळे ह्यांचं रफू भिंगाखाली धरलं तर टाके किंचित डावीकडे कललेले दिसतात. नुसत्या डोळ्याला ते कधीच दिसत नाही. दिसू नये म्हणूनच तर लोक पैसे देतात.

सहा वर्षांपूर्वी एका काळ्या पॅन्टच्या गुडघ्यावर मला निळं रफू दिसलं. गडद निळं, पण निळंच. शिवाय दोन ठिकाणी धागा सुटलेला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. ह्यांना मी ओळखते. एकदा शिडीवरून घसरले, तर पायाला मलम लावायच्या आधी शिडी विकून आले. डोळे गेले असं कळलं असतं तर ह्यांनी त्याच दिवशी सुई खाली ठेवली असती आणि मग उरलेलं आयुष्य खिडकीत बसून माझ्या स्वयंपाकावर देखरेख केली असती. हे मला परवडणारं नव्हतं. खरं सांगायचं तर सुईशिवाय बसलेले हे मला बघवलेही नसते.

म्हणून जेवणानंतर हे घोरायला लागले की मी कपडा आत स्वयंपाकघरात न्यायची, ह्यांचं रफू उसवायची आणि माझं घालायची. मला कुणी शिकवलं नाही. लग्न झालं त्या वर्षी मी सुई हातात घेतली होती, तेव्हा हे म्हणाले होते, "तुझा हात जड आहे, तू राहू दे." मी राहू दिलं आणि बघत बसले. बघून बघून इतकं आलं की गेल्या सहा वर्षांत एक कपडा परत आलेला नाही. गिऱ्हाइकं ह्यांच्या हाताची तारीफ करतात, हे मान डोलावतात आणि मी आत भांडी जरा जोरात आपटते.

ऑपरेशन करून घ्या म्हणून दोन वर्षं मीच मागे लागले होते. "माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, हल्ली बल्बच हलके येतात," हे उत्तर ठरलेलं. शेवटी कसेबसे तयार झाले आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की ह्यांना दिसायला लागलं की माझा हातही दिसणार. खुंटीवरचे माझ्या हातचे कपडे मी हळूहळू गिऱ्हाइकांना देऊन टाकले. महिन्याभरात सगळं निस्तरता येईल असा हिशोब होता.

आज सकाळी वकीलसाहेब आले. जुनं गिऱ्हाईक, तरुण आहेत, मला काकू म्हणतात. खिसा उसवला होता. काळा कोट घालून दारात उभे राहिले, पाठीमागून ऊन.

"थांबा," हे आतून म्हणाले. "हलू नका. उजव्या कोपरावर निळं काय लागलंय?"

वकीलसाहेबांनी कोपर वळवून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "ते होय. रफू आहे, काका. मागच्या हिवाळ्यात इथूनच करून नेलं होतं."

"आमच्याकडून?"

"राहू द्या हो. कोर्टात कोपर कोण बघतंय."

म्हणजे ह्यांना कळायच्या आधी ते वकिलाला माहीत होतं आणि भला माणूस वर्षभर मूग गिळून बसला होता. मला धरणी दुभंगून आत जावंसं वाटलं. एक कपडा माझ्या हातून निसटला होता. मागच्या हिवाळ्यात मी लेकीकडे दहा दिवस राहायला गेले होते, नेमका तेव्हाच हा कोट आला असणार आणि ह्यांनी तो तसाच देऊन टाकला असणार.

"शाई असेल," मी म्हटलं. "वकिलांना लागतेच."

ह्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोट मागून घेतला, संध्याकाळी या म्हणाले. वकीलसाहेब एवढ्या घाईने बाहेर पडले की पायरीवर ठेचकाळले. ह्यांनी खणातून हातभिंग काढलं.

"डोळ्याला ताण द्यायचा नाही असं सांगितलंय," मी म्हटलं.

"बघतोय. करत काही नाही."

कोपर खिडकीत धरून हे बघत राहिले. मी तक्त्याकडे पाहिलं, थेंबांची वेळ टळून गेली होती. मला राहवेना.

"झालं असेल तुमच्या हातून," मी म्हटलं. "दिसत नव्हतं तुम्हाला, त्यात एवढं काय? एकच निसटलं. बाकीची मी सगळी नीट केलीत."

"बाकीची कुठली?"

मग मी सगळं सांगून टाकलं. सांगितलं म्हणजे भांडलेच. सहा वर्षं, दुपारच्या दुपारी, जड हाताने. शाबासकी तुम्ही घेतलीत, बोटं मी टोचून घेतली. वर बेसिनमागचा मळ मला दाखवता.

"सहा वर्षं," हे म्हणाले.

"सहा."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सुई खाली ठेवली असतीत."

ह्यावर स्फोट व्हायला हवा होता. मी तयारीत उभी होते. पण ह्यांनी खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि म्हणाले, "बस इथे. माझा टाका कुठे कलतो?"

"डावीकडे. मला काय विचारता?"

"मग हे बघ."

ह्यांनी कोपरावर भिंग धरलं. मी वाकले. भिंग धुरकट होतं, मी रुमालाने पुसलं. तरी तसंच. पुन्हा पुसलं.

"पुसू नकोस," हे म्हणाले. "भिंग स्वच्छ आहे. डोकं थोडं मागे घे."

मी डोकं मागे घेतलं, पुढे केलं, एक डोळा मिटला, दुसरा मिटला. मग टाके दिसले. बारीक, एकसारखे, एकही सुटलेला नव्हता. सगळे उजवीकडे कललेले.

लेकीकडे जायच्या आदल्या आठवड्यात हा कोट माझ्या मांडीवर होता, ते मला तेव्हा आठवलं. ह्यांचं रफू मी निळं म्हणून उसवलं होतं. डब्यातून काळं रीळ काढून घातलं होतं. पूर्ण एक दुपार गेली होती आणि मी स्वतःवर खूश होते.

"मी काळाच घातला होता," मी म्हटलं.

"हं."

"स्वयंपाकघरात उजेड कमी आहे. तो बल्बच..."

हे उठले, रिळांचा डबा घेऊन आले. वाकू नका म्हणायचंही मला सुचलं नाही. दोन रिळं काढून ह्यांनी दाराच्या उंबऱ्यावर ठेवली, भर उन्हात, आणि मला बोलावलं.

"काळं कोणतं?"

"मला शाळेत बसवता का ह्या वयात?"

"उचल."

मला राग आला. चाळीस वर्षं ह्या घरात रिळांच्या डब्याशेजारी काढलीत मी. दोन्हींकडे एकदा पाहिलं, विचार करायचीसुद्धा गरज नव्हती. पहिलं उचललं आणि ह्यांच्यासमोर धरलं.

ह्यांनी ते माझ्या हातातून हळूच काढून घेतलं आणि तिथे दुसरं ठेवलं. नऊ दिवस भिंतीला, पंख्याला, माझ्या गालालाही न सोडणारा माणूस, आणि एक अक्षर बोलला नाही.

"बोला की," मी म्हटलं. "आता का बोलत नाही?"