झोप सारखी धरली तर

आमच्या विभागप्रमुख सरांचा अहवाल वाचून माझं डोकंच फिरलं. नर्सना कायमची रात्रपाळी दिली तरी त्यांच्या मनावर काही परिणाम होत नाही, असा निष्कर्ष. दुपारच्या बैठकीत हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाने तो मान्य केला की प्रयोग म्हणून चाललेली रात्रपाळी कायमची गळ्यात पडणार. माझी धाकटी बहीण त्याच प्रयोगात आहे. हल्ली ती घरात कोणाशी धड बोलत नाही.

आमच्या मानसशास्त्र विभागातलं संख्याशास्त्र मी सांभाळते, पण या अहवालातलं कोष्टक सरांनी परस्पर उरकलं होतं. वय, पगार, मुलं, झोप, सगळे घटक एकत्र कोंबले होते. झोप घालण्याआधी रात्रपाळी आणि नैराश्याचा संबंध ठळक दिसत होता. झोप घातली, म्हणजे सगळ्या नर्सची झोप सारखीच असं गणितात धरलं, आणि तो गायब.

"सर, रात्रपाळी झोपच तर खाते. सगळ्यांची झोप सारखी धरली तर उरणार काय? माणसाला उपाशी ठेवायचं, भूक सारखी धरायची आणि म्हणायचं, उपाशी राहून काही बिघडत नाही."

"जितके घटक जास्त, तितकं विश्लेषण काटेकोर," सर म्हणाले. "आणि तू बहीण म्हणून बोलतेयस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती माझी बहीण नसती तरी गणित चुकलेलंच होतं. बोलावलेलं नसताना मी बैठकीला जाऊन बसले.

सरांनी निष्कर्ष वाचला. व्यवस्थापक खूश झाले. मी उभी राहिले.

"हा निष्कर्ष झोप सारखी असेल तरच खरा आहे. मग नियमातही तसं लिहा. रात्रपाळीच्या नर्सला दिवसपाळीइतकी झोप मिळेल, ही जबाबदारी हॉस्पिटलची."

"ते कसं शक्य आहे?" व्यवस्थापक म्हणाले. "रात्री जागणाऱ्याला तेवढी झोप कशी मिळेल?"

"मी सकाळपासून सरांना तेच सांगतेय."

सर कागद चाळत बसले. शेवटी विश्लेषण पुन्हा करायचं ठरलं.

घरी आले तेव्हा बहीण पडदे ओढून पलंगावर टक्क जागी होती.

"काय झालं गं ताई?"

"आम्ही पुन्हा तपासणार आहोत."

"आणि तोवर?"

सरांना भांडून गप्प केलं होतं, पण हे विचारायचं मला बैठकीत सुचलंच नव्हतं.

"तोवर रात्रपाळीच," मी म्हणाले.

तिने कूस बदलली आणि डोळ्यांवर ओढणी घेतली.