बशीतला चीक

दुधाचा वास आला की ताईचं नाक आपोआप मुरडायचं. वीस वर्षं ती डेअरीच्या प्रयोगशाळेत होती. आलेल्या प्रत्येक टँकरमधला थेंब काचेच्या बशीत घालायचा, ऊबपेटीत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी जिवाणूंचे ठिपके मोजायचे. ठिपके जास्त निघाले की टँकर माघारी.

धाकट्या बहिणीला मुलगी झाली. बाळाला नीट ओढता येईना, म्हणून नर्सबाईंनी चीक वाटीत पिळून चमच्यानं पाजायला सांगितलं. वाटीतलं ते पिवळंधमक, चिकट बघून ताई मागे सरकली.

"शी! हे पाजणार तू तिला? पू दिसतोय नुसता!"

"गप गं ताई," धाकटी थकून म्हणाली.

पण ताईला राहवेना. तिनं एक थेंब स्वच्छ कुपीत घेतला आणि कामावर नेला. दुसऱ्या दिवशी बशी उघडली, तर पांढरे, पिवळट, ओलसर ठिपके एकमेकांना खेटून बसलेले. आंबूस वासाचा भपकारा आला. हातमोजे असूनही तिनं तीनदा हात धुतले आणि तडक दवाखाना गाठला.

"पाजू नकोस! जिवाणूंनी बुजबुजलंय ते!" म्हणत तिनं नुकत्याच पिळलेल्या चिकाची वाटी बेसिनमध्ये उपडी केली. धाकटी रडायलाच लागली.

आवाज ऐकून नर्सबाई आल्या. वाटी बघून त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, काय केलंत हे? त्यात जिवाणू असतातच."

"आणि ते बाळाच्या पोटात घालायचे?"

"हो. चिकात अशा काही साखरा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या चांगल्या जिवाणूंचं खाणं. ते आतड्यात आधी बस्तान बसवतात, मग वाइटांना थारा मिळणं अवघड होतं."

हे ऐकून बरं वाटायचं सोडून ताईला आणखीच मळमळलं. त्या एवढ्याशा पोटात वळवळणारी वस्ती, आणि तिला आईच खाऊ घालतेय! तिनं मान फिरवली, तर बेसिनच्या जाळीवर पिवळा ओघळ चिकटलेला. धाकटीनं तासभर दात आवळून पिळलेला. आता तिला स्वतःचीच किळस आली.

धाकटीनं डोळे पुसले, पुन्हा पिळायला घेतलं. वर न बघताच म्हणाली, "वाटी धर."

ताईनं धरली. एक थेंब तिच्या मनगटावर पडला, कोमट आणि चिकट. हात झटकावासा वाटला, पण वाटी हलली असती. ती श्वास रोखून उभी राहिली. बाळानं चमचा चाटला, ओठ मुडपले, पुन्हा तोंड उघडलं. वाटी रिकामी होईपर्यंत ताई जागची हलली नाही. मग संडासात जाऊन भडाभडा ओकली.

तोंड धुऊन परत आली, तेव्हा धाकटीनं विचारलं, "गेली का किळस?"

"छे," ताई म्हणाली. "परत कधी पिळायचंय?"