कॅमेरा बंद ठेवू देणारी शाळा

चातुर्मासात माझं सकाळचं मौन असतं, आंघोळीपासून नैवेद्य दाखवेपर्यंत. त्या सोमवारी कस्तुरी देवघरापाशी आली आणि म्हणाली, "आई, आज नको ना पाठवू. त्या मुली मारणार आहेत मला." मी हातानेच खुणावलं, जा. इयर नाइनमधल्या, तेरा-चौदा वर्षांच्या मुलींची भांडणं ती, संध्याकाळी बोलू.

दुपारी तिला हॉस्पिटलात पाहिलं. तिघींनी केस धरून तिचं तोंड सायन्स ब्लॉकच्या पायरीवर आपटलं होतं. पुढचे दोन दात गेले, ओठ फाटला, कानातली रिंग ओढल्यामुळे पाळी चिरली. चौथी फोनवर शूटिंग करत हसत होती. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ इंग्लंडातल्या आमच्या बेसिंगस्टोक गावातल्या निम्म्या पोरांनी पाहिला.

त्या शाळेत ती परत जाणं शक्यच नव्हतं. श्रीकांतनी, माझ्या नवऱ्याने, ऑफिसच्या सवयीने एक्सेलमध्ये तीन ऑनलाइन शाळा मांडल्या. पहिलीचे जीसीएसईचे, म्हणजे इथल्या दहावीचे, निकाल उत्तम, पण तासाला कॅमेरा चालू हवाच. दुसरीत नुसते रेकॉर्ड केलेले धडे. तिसरीत शिक्षक समोर असतात, कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो, निकाल मात्र बेताचे.

"पहिली," श्रीकांत म्हणाले.

"बाबा, तिसरी. माझं तोंड कोणी बघायला नको."

"दात बसवलेत ना नवे? जन्मभर काय बुरखा घालणार आहेस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या शाळेचा ट्रायलचा तास होता. मी देवापुढे, मौनात. डायनिंग टेबलावर लॅपटॉपमधून बाई म्हणाल्या, "कॅमेराज ऑन, प्लीज." कस्तुरीने झाकण मिटलं. श्रीकांतनी उघडलं. तिने परत मिटलं. मग त्यांनी मागून तिचे केस मुठीत धरले आणि तोंड स्क्रीनकडे वळवलं. "बघ समोर. बघ म्हणतो ना."

ती त्यांच्या मनगटाला कडकडून चावली, नव्या दातांनी. रक्त आलं. त्यांनी दुसऱ्या हाताने तिच्या कानशिलात ठेवून दिली. ओठाची जखम पुन्हा उघडली, लॅपटॉपवर थेंब पडले. हात पुन्हा वर गेला.

"अहो, हात खाली घ्या."

माझाच आवाज होता तो. नैवेद्याची वाटी अजून ओट्यावरच होती. मी जाऊन दोघांच्या मध्ये उभी राहिले. तो दुसरा फटका माझ्या खांद्यावर बसला.

"श्यामला, तुझं मौन..." ते पुटपुटले.

"मोडलं. तिच्या अंगाला परत हात लागला तर पोलिसांना मीच फोन करीन. तुम्ही बाहेर जा आता."

ते मनगट दाबत गेले. मी कस्तुरीच्या ओठावर ओला रुमाल धरला, लॅपटॉप पुसला आणि तिसऱ्या शाळेचा फॉर्म उघडायला सांगितला. तिसऱ्याच ओळीत प्रश्न होता, आधीची शाळा का सोडली. तिची बोटं थांबली.

"मी सांगते, तू टाइप कर," मी म्हणाले, आणि त्या सोमवारी सकाळी ती देवघरापाशी आली होती, तिथून सुरुवात केली.