फ्रेमपुरता फोटो

बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा जुन्या वस्तूंचा दुकानदार घरी आला. बाबांनी अर्धं आयुष्य शोधून मिळवलेला, गायिकेच्या सहीचा फोटो पाहून म्हणाला, "काका, फसलात. सही खोटी आहे. फ्रेमपुरता घेतो, फ्रेमचेच पैसे देईन." बाबांनी तो देऊन टाकला. आपण फसलो, हे मनात घेऊनच ते गेले.

आज मी त्याच्या दुकानात गेले, तर तोच फोटो तो गिऱ्हाइकाला दाखवत होता. "अस्सल सही, साहेब."

"बाबांना तर खोटी म्हणाला होतात," मी म्हणाले. "तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?"

गिऱ्हाईक भिंतीवरचे बाकीचे फोटोही संशयाने निरखू लागलं.

"ताई, आत बसून बोलू ना," दुकानदार पुटपुटला.

"इथेच बरी आहे." मी दारातलं स्टूल ओढून बसले. "रोज येत जाईन."