कोकिळामावशींकडची घरभेट

आमच्या महिला मंडळाच्या घरभेटी म्हणजे आजाऱ्याला शिक्षाच. पाचजणी इस्त्रीच्या साड्या नेसून जातो, खाटेभोवती खुर्च्या मांडतो आणि तो बिचारा घाबरेपर्यंत प्रार्थना करतो. मी मंडळाची सेक्रेटरी, म्हणून मलाही जावं लागतं. तिथे बसून मी मनातल्या मनात या बायांची टिंगल करते. तेवढाच विरंगुळा.

त्या मंगळवारी धुळ्यातच कोकिळामावशींकडे गेलो. मावशी मूळच्या दोंडाईच्याच्या. मिशनच्या दवाखान्यात एकतीस वर्षं आया होत्या. रोग्याला शौचाचं भांडं द्यायचं, काढायचं, पुसून कोरडं करायचं, हेच काम. भांडं नेताना त्यावर धुतलेलं फडकं टाकायच्या, रोग्याला लाज वाटू नये म्हणून. प्रार्थनासभेत मात्र कधी तोंड उघडलं नाही. “माले बोलता येत नही,” म्हणायच्या. त्यामुळे आमच्या अध्यक्षा मोहिनीबाई त्यांना विश्वासात जरा कच्च्या समजत. मोहिनीबाईंनी स्वतःच्या सासूला कधी पाण्याचा पेला दिला नसेल, पण यांचा विश्वास पक्का! मला त्यांची किळस येते, आणि ते मी त्यांना कधी कळू दिलेलं नाही.

मावशींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. सून कामाला जायची, म्हणून दिवसा शेजारची हुस्नबानो त्यांचं बघायची. तिच्या सासूचं दुखणं मावशींनी दोन वर्षं काढलं होतं. आम्ही दारात पोचलो तेव्हा ती मावशींना संडासाला नेण्यासाठी उठवून बसवत होती. आम्हाला बघून तिचा चेहरा खुलला.

“लो खाला, तुम्हारे लोग आ गए,” म्हणाली, आणि मावशींना आमच्यावर सोपवून निर्धास्तपणे घरी गेली.

“बाई, माले जरासं...” मावशी म्हणू लागल्या.

“आधी प्रभूचं नाव घेऊ,” म्हणत मोहिनीबाईंनी त्यांना परत आडवं केलं.

मग सुरू झालं. पहिलीनं जगातल्या सगळ्या आजाऱ्यांसाठी मागणं केलं, दुसरीनं स्वतःच्या मुलाच्या बदलीसाठी. तिसरीला रडू कोसळलं, ते दर मंगळवारी कोसळतं. मी चार वाक्यांत आटोपलं आणि त्याचा मला अभिमान वाटला. शेवटी मोहिनीबाईंनी सूर लावला. त्या जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात करतात.

मी एक डोळा उघडला. नेहमीच उघडते, नाहीतर टिंगल कशी करणार? मावशी माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी शाळेतल्या पोरीसारखी करंगळी वर केली.

मला कळलं. न कळायला काय झालं? पण मोहिनीबाईंना मध्येच तोडलं असतं, तर वर्षभर टोमणे ऐकावे लागले असते. संपेलच आता प्रार्थना, असं म्हणून मी डोळा मिटून घेतला. मोहिनीबाई तेव्हा कुठे मोशेपर्यंत आल्या होत्या.

“आमेन!”

आवाज मावशींचा होता. सवयीनं आम्ही सगळ्याच ‘आमेन’ म्हणालो, वाक्य अर्धं टाकून मोहिनीबाईसुद्धा.

“व्हयनं आते,” मावशी म्हणाल्या. “बठ्ठ्या बाहेर निंघा.” म्हणजे सगळ्या, मीसुद्धा.

झालंच होतं. चादर ओली होती. मावशींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

मोहिनीबाईंनी पदर नाकाला लावला. “यांना विश्रांती घेऊ द्या,” म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या. बाकीच्या त्यांच्या मागोमाग. घाण बघून पळणाऱ्या या बाया दर रविवारी पहिल्या बाकावर बसतात.

मी पुढे झाले. “मावशी, मी करते सगळं. उठा.”

“तुन्हा डोया ते उघडा व्हता,” त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या. “ऱ्हाऊ दे. हुस्नबानोले हाक मार.”

मी हाक मारली. हुस्नबानो कणकेचे हात तसेच घेऊन धावत आली. तिनं चादर बघितली, मग मला बघितलं. रागावलेली नव्हती ती. तिला खरंच समजत नव्हतं.

“तुम तो अंदरच थे ना?” तिनं विचारलं.