लिफ्ट बंद आहे

माझ्या ताईला वाफेच्या इस्त्रीपाशी उभं राहून थंडी वाजते. ती लॉन्ड्रीत काम करते. समोर चादरींचा ढीग, तोंडावर गरम वाफ, आणि अंगात स्वेटर. बाकीच्या बायका रुमालाने घाम पुसत तिची टर उडवतात.

मला मात्र संताप येतो. थायरॉइडची ग्रंथी सुस्तावली की सगळा चयापचयच मंदावतो. माणूस गारठतो, सुजतो, बसल्या जागी पेंगतो. त्यावर साधी गोळी असते, रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची. ताई ती घ्यायची आणि बरी होती. भट्टीवाल्या सरांनी सांगितलं म्हणून तिने ती सोडून दिली.

भट्टीवाले सर हे मी ठेवलेलं नाव. बाजारपेठेतल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं केंद्र आहे. आलेल्या प्रत्येकाला ते सांगतात, "तुमची आतली भट्टी विझलीय. आपण पेटवू." पेटवायचे उपाय म्हणजे बर्फाचं पाणी, गार पाण्याने आंघोळ आणि त्यांच्या डब्यातली लालभडक तिखट पूड. गोळ्यांनी म्हणे भट्टी आळशी होते.

"अर्धा लिटर बर्फाचं पाणी गरम करायला शरीराला किती ऊर्जा लागते माहितीये?" मी ताईला म्हटलं होतं. "अर्ध्या बिस्किटाएवढी. तिखटाने थोडा फरक पडतो, पण अगदी थोडा, आणि तोही तासा-दोन तासांपुरता."

"मग आजपासून अर्धं बिस्कीट कमी खाते. झालं समाधान, शास्त्रज्ञबाई?"

तिचा आवाज घोगरा झाला होता, पापण्या सुजल्या होत्या, आणि तरी ती रोज सकाळी दात वाजवत गार पाणी अंगावर घेत होती. आई म्हणाली, "बरं झालं, निदान हालचाल तरी करतेय." भाऊजी तर आधीपासूनच म्हणायचे, "झोपून झोपून आजार होतात, आजाराने कुणी झोपत नाही."

शेवटी आमची पैज लागली. केंद्रात एक यंत्र आहे. तोंडाला मास्क लावून श्वास घ्यायचा. शरीर किती ऑक्सिजन वापरतं त्यावरून आराम करताना किती ऊर्जा जळते ते कळतं. पहिल्या दिवशी त्यांनी ताईचं मोजमाप घेतलं होतं, आता दुसरं होतं.

"आकडा वाढला तर गोळी कायमची बंद, आणि तू पुन्हा त्या गोळीचं नाव काढायचं नाही," ताई म्हणाली. "नाही वाढला तर तू म्हणशील ते."

मी कबूल केलं. यंत्र खोटं बोलत नाही, याची मला खात्री होती.

आम्ही गेलो तर लिफ्टवर पाटी: लिफ्ट बंद आहे. ताई दर वळणावर कठड्याला धरून थांबत होती. वर पोचेपर्यंत तिची छाती भात्यासारखी हलत होती. दारातच रिसेप्शनवरची बाई म्हणाली, "चला चला, तुमचीच वाट बघतायत," आणि ताईला थेट खुर्चीत बसवून मास्क चढवला.

मला काहीतरी खटकलं. ताईने सांगितलं होतं, पहिल्या वेळी ती लिफ्टने वर आली होती, आणि तरी दिवे मंद करून तिला वीस मिनिटं आडवं झोपवलं होतं. श्वास शांत झाल्यावर मास्क.

"अभिनंदन मॅडम!" सरांनी टाळी वाजवली. "आकडा बघा. भट्टी नुसती धडधडतेय!"

ताईने मास्क काढला. कित्येक महिन्यांनी तिचा चेहरा उजळला होता. तेवढ्यात बाहेर 'टिंग' झालं. बंद असलेली लिफ्ट उघडली आणि एकजण पुडीच्या डब्यांची खोकी घेऊन बाहेर आला.

माझं डोकं सटकलं.

"ही भट्टी नाही, जिना आहे!" मी ओरडले. "पहिल्यांदा आणायचं लिफ्टने आणि मोजायचं झोपवून. दुसऱ्यांदा जिन्याने पळवायचं आणि मोजायचं धापा टाकताना. पुडीच्या जागी दगड चाटवलात तरी आकडा वाढेल!"

"हळू बोला. लिफ्ट आत्ता दुरुस्त झाली."

"मग आता पुन्हा मोजा. झोपवून."

"आम्ही एकदाच मोजतो. नियम आहे." ते ताईकडे वळले. "मॅडम, तुमच्या बहिणीला तुमची प्रगती बघवत नाहीये."

ताईने माझ्याकडे पाहिलं, मग उघड्या लिफ्टकडे. आणि ती कोपऱ्यातल्या पलंगावर आडवी झाली.

"मॅडम, पुढचे लोक थांबलेत."

"थांबू दे. त्यांनाही जिना चढून आल्यावर जरा बसू दे," ताई डोळे मिटून म्हणाली. "दिवे मालवा."

दिवे मीच मालवले. दारात जमलेल्यांपैकी कुणीही हललं नाही. वीस मिनिटांनी मास्क मीच लावला. आकडा पहिल्या दिवसापेक्षा खाली आला होता.

"यंत्र कधीकधी चुकतं," सर म्हणाले.

"मघाशी टाळ्या वाजवल्यात तेव्हा बरोबर होतं ना?" ताईने विचारलं. पिशवीतला डबा काढून तिने त्यांच्या टेबलावर आपटला. झाकण उडालं आणि लाल पूड त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उडाली. ते खोकत राहिले. आम्ही बाहेर पडलो.

लिफ्टमध्ये मी म्हटलं, "जिंकलो."

"कोण जिंकलं?" ताई माझ्यावर उखडली. "तू जिंकलीस. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं, तू कष्ट केलेस आणि ते दिसतायत. गोळी घेतली की काय म्हणतात? आळशी होतीच, आता आजाराचं निमित्त मिळालं. आईसमोर, ह्यांच्यासमोर तू एकदा तरी बोललीस? सगळं विज्ञान मलाच ऐकवायचं होतं?"

लिफ्टचं दार उघडलं.

खाली एक थोराड बाई पाटी वाचून जिन्याकडे वळत होती. ताईने पाटी खेचून काढली आणि लिफ्टचं दार धरून ठेवलं.

"लिफ्टने जा, मावशी. आणि वर गेल्यावर आधी आडव्या व्हा, त्यांनी कितीही घाई केली तरी."

मग ती माझ्याकडे वळली. पाटी तिच्या काखेत होती.

"गोळी उद्या सकाळपासून. पण आज घरी जेवायला सगळे एकत्र बसतील, तेव्हा बोलायचं तू. मघाशी वर ओरडलीस ना, तेवढ्याच मोठ्याने."